खुर्चीवरची पूजा

आमच्या सासूबाईंचं मला किती कौतुक वाटतं म्हणून सांगू! माझे सोळा सोमवार चालू होते आणि अकराव्या सोमवारी पूजेवरून उठताना गुडघ्यातून कळच आली. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी मांडीचे व्यायाम शिकवले आणि बजावलं, "खाली मांडी घालून बसायचं नाही. पूजा खुर्चीवर बसून करा."

घरी येऊन मी रडायलाच लागले. "देव खाली पाटावर आणि मी वर खुर्चीत? माझं व्रत मोडलंच!"

सोवळ्याच्या एवढ्या कडक सासूबाई, पण त्याच संध्याकाळी त्यांनी ह्यांच्याकडून भिंतीला उंच फळी ठोकून घेतली आणि सगळे देव स्वतःच्या हातांनी वर मांडले.

"आई, देव हलवले! कोपले तर?"

"तुला खाली बसाय जमंना, त्यांना वर बसाय काय व्हतंय? त्यांचं काय गुडघं दुखत्यात व्हय?"