सहावं ताट

हॅलो?… कोण?… मेघा! अगं बोल ना… नाही ग, झोपते कसली, गहू निवडत बसले होते. पंधरा दिवसांवर कानबाईचा सण आला, प्रसादाच्या रोटाचे गहू वेगळे काढायला नकोत?

कुठून बोलतेस?… सावद्याहून? माझ्या माहेरगावी काय करतेस तू? आणि एवढ्या लांब त्या तीनचाकी स्कूटरवर?… सर्वेक्षणाला. बरं, बरं.

काय?… पुन्हा सांग… तुमच्या अपंगांच्या संस्थेची ट्रस्टी? मी?… मेघा, सकाळपासून पोटात काही गेलंय का तुझ्या?

अगं ऐक ना… ऐक. ट्रस्टी म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या बालवाडीचे यायचे पंधरा ऑगस्टला. खुर्चीत बसायचे, आणि मुलांच्या आधी जिलेबी संपवायचे. छत्तीस वर्षं त्यांच्या खुर्च्या पुसल्या मी. आता त्याच खुर्चीत मी बसू?… तुमच्याकडे सतरंजी असते? मग आणखीच पंचाईत, माझे गुडघे…

बठ्ठ्यांनी, अगदी सगळ्यांनी हात वर केले?… तुमच्या प्रमुखांनी, नवीनभाऊंनी पण?… आणि ज्यांना हात वर करता येत नाही त्यांनी?… माना हलवल्या. अगंबाई.

पण मी असं काय मोठं बोलले होते ग त्या मीटिंगमध्ये? शेजारच्या सुलक्षणाला सोबत म्हणून आले होते तुमच्या जळगावच्या ऑफिसात… हो… हो, ते मुठींचं. नवीनभाऊ सांगत होते ना, की घरात कोणी अपंग आहे का विचारलं तर लोक सरळ नाही म्हणतात, म्हणून आम्ही गेल्या कानबाईला रोटासाठी माणसागणिक गव्हाच्या मुठी किती घेतल्या ते विचारतो. देवीपुढे कोणी खोटी मूठ घेत नाही. दाखवलेली माणसं चार आणि मुठी पाच निघाल्या, तर पाचवा कुठेतरी आत आहे. सगळ्यांनी काय टाळ्या वाजवल्या! मी आपली मागून म्हटलं, भाऊ, आमच्या गावांत सव्वा मूठ घेतात ती घरातल्या पुरुषांच्या नावानं. बाईच्या नावची मूठ असते कुठे? मग आत ठेवलेली पोर तुम्हाला सापडणार कशी?… हो, नवीनभाऊ वही मिटून माझ्याकडेच बघायला लागले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेही मीच म्हटलं, हो. मुठी नका मोजू, ताटं मोजा. भांडी घासणारीला विचारा, तिला काय लपवायचंय?… एवढंच तर बोलले. त्यासाठी कोणी ट्रस्टी करतं का?

सापडल्या?… ताटांवरून? खरंच?… किती?… तीन. एकट्या सावद्यात तीन. देवा रे… कोणाकोणाच्या ग? मला सांग, मी सगळ्या गावाला ओळखते. कोणत्या गल्लीत?… अगं बोल की, थांबलीस का?

हॅलो?… आहेस ना?

पुष्पाबाई? ओळखते तर! पुष्पाबाई आमच्याच घरी भांडी घासते, रतिलालकडे. माझ्या धाकट्या भावाकडे. तिचं काय?… काय म्हणाली ती?

जेवणारी माणसं पाच आणि ताटं सहा.

नाही ग. तिचं काहीतरी चुकतंय. पाचच आहेत घरात. रतिलाल, लतावहिनी, नीलेश, त्याची बायको, त्याचं बाळ… बाळाला कुठलं ताट? हो… मग चारच जेवणारे… आई आहेत ना वहिनीच्या तिथे… हो, त्या धरून पाच. मग सहावं?

कोण, मेघा?

नाही.

नाही, डिंपल सुरतेला आहे. मला विचार ना! रतिलालची मुलगी ती, नीलेशची धाकटी बहीण, माझी भाची. जन्मापासून पाय वळलेले, बोलणं अडखळतं. अठराव्या वर्षी तिला सुरतेच्या एका संस्थेत ठेवली. रतिलाल स्वतः पोचवून आला. बारा वर्षं झाली. छान आहे म्हणतो तो तिथे, मणी ओवते म्हणतो…

तू बघितलंस?… स्वतः?… मागच्या बोळातली खिडकी. खताच्या गोण्या ठेवतात ती खोली… हो, कडी बाहेरून असते तिला. गोण्या चोरीला जातात म्हणून… मेघा, थांब. थांब जरा. मला पाणी पिऊ दे.

…हं.

दुसरी कोणी असेल… काय म्हणाली ती?… कोणाचं नाव घेतलं?

"अमळनेरची सुनंदा आत्या."

…

आहे. इथेच आहे मी, माझंच नाव घेतलं तिनं… नाही, रडत नाहीये. रडण्याच्या पलीकडचं आहे हे.

बारा कानबाया, मेघा. दर श्रावणात जाते मी. त्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून रोट खाल्लाय. रोट घरच्या माणसांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. मी लेक म्हणून मला मुद्दाम बोलावतो तो. आणि ती भिंतीपलीकडे… नीलेशच्या सोयरिकीसाठी, दुसरं काय! मुलीकडचे बघायला यायचे होते त्याच वर्षी. कळतंय मला आता. सगळं कळतंय.

नाही, तुला नाही कळणार. ऐक. लहानपणी तिला हाक मारता यायची नाही ना, तर ती बांगडी ताटावर वाजवायची. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा. म्हणजे आत्या, ये. मीच शिकवलं होतं तिला. आणि या बारांतल्या तिसऱ्या का चौथ्या कानबाईला मी दुपारी जेवत असताना भिंतीतून आवाज आला. दोनदा. थांबून दोनदा. वहिनी म्हणाली, मांजर आहे. मी म्हटलं, असेल.

मला ओळखू आलं नव्हतं असं म्हणू का तुला?… आलं होतं, मेघा. घास हातात थांबला होता माझा. मग मी वरण मागितलं. माहेर एवढं एकच उरलंय मला. विचारलं असतं तर तेही गेलं असतं.

अशी बाई हवीय तुम्हाला ट्रस्टी म्हणून?

नको, समजूत घालू नकोस… काय?… अर्ज. तिला सोडवायचा, फैजपूरच्या प्रांत ऑफिसात… ट्रस्टींच्या सह्या लागणार. आणि रतिलालचं नाव अर्जात असणार… म्हणून आधी फोन केलास. मी नाही म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या कोणाला घ्याल. राग धरणार नाही… कळलं. चांगली आहेस तू.

थांब, मध्येच दुसरा फोन वाजतोय… रतिलालचाच. कोणीतरी सांगितलं असणार त्याला की खिडकीशी माणसं आली होती… वाजू दे. आता उचलला तर "अक्का, ऐकून तर घे" म्हणेल, आणि मी ऐकेन. त्याला कडेवर घेऊन वाढवलाय मी. म्हणून आधी सही, मग त्याचा फोन.

लिही माझं नाव. हो, ट्रस्टी म्हणूनच. आणि अर्जात भाऊ बिऊ काही बघू नका. जे आहे ते लिहा. बारा वर्षं लिहा… कडी बाहेरून, तेही लिहा. आवाज ऐकून गप्प बसलेली एक आत्या, तेही लिहायचं असेल तर लिहा.

मी निघतेच. दुपारची जळगावची एसटी मिळेल, तिथून सावदा. दिवस मावळायच्या आत पोचते. तू जाऊ नकोस तिथून… मेघा, तू आता कुठे उभी आहेस?… अजून बोळातच? खिडकीशी?

मग एक कर. फोन आत धर. मोठ्या आवाजावर लाव आणि गजांशी धर… थांब, बांगडी वाजवायला गव्हाचं ताट घेते मी. गहू सांडू देत… धरलास? हं.

…

ऐकलं तिनं?… काही म्हणाली?… बरं. परत वाजवते. धर.

…

मेघा? हॅलो?

गप्प बस जरा. बोलू नकोस.

…

हो. आलं. आलं ऐकू. दोनदा.

यावेळी मांजर नाही म्हणणार मी. ठेव फोन, मला गाडी गाठायचीय.