दुर्बिणीतला फुटका ठिपका

...आणि वर मलाच विचारतो, "काका, फर्स्ट प्लेन की सेकंड प्लेन?" आता तुम्हाला सांगतो, मी साधा कलिंगडवाला माणूस, टेक्ससात डिली गावाच्या पुढे नदीकाठी माझं शेत, पिअरसॉलला त्या रॉइसच्या बंदुकीच्या दुकानात गेलो होतो एक दुर्बीण घ्यायला, बंदुकीवर बसवायची, छोटीशी... मी म्हटलं, "बाबा रे, हेलिकॉप्टरमधून रानडुकरं मारणारे हौशी लोक ह्यूस्टनहून येतात, ते वेगळे. मी पिकपच्या बॉनेटवर कोपर टेकून मारतो!" तर हसला. दाढीतल्या दाढीत हसला! म्हणे, "काका, प्लेन म्हणजे आतली नेमाची फुली कुठल्या जागी बसवलीय ते." अहो, बसव की कुठंही! मला डुक्कर मारायचंय हो, डुक्कर!

रानडुकरांचं काय सांगू तुम्हाला... एक कलिंगड धड खाऊन संपवतील तर शपथ! प्रत्येकाला भोक पाडायचं, दोन घास घ्यायचे, की पुढचं! सकाळी शेतात गेलो की वाटतं, रात्री इथं कुणाचं तरी लग्न झालं आणि आपल्यालाच बोलावलं नाही.

तर रॉइसने तीन दुर्बिणी मांडल्या. एक ते सहा पट, एक ते आठ पट, एक ते दहा पट. म्हटलं, फरक काय? म्हणे, "पहिलीत पट वाढवा, कमी करा, फुली तेवढीच राहते. पण तिच्यावरच्या अंतराच्या खुणा फक्त सहा पटीलाच खऱ्या." म्हटलं, मग एरवी काय, खोट्या? म्हणे, "हो." हो म्हणे! आणि दुसरीत खुणा कायम खऱ्या, पण पट कमी केली की फुली केसाएवढी बारीक! म्हणजे एक दिसते पण खोटं बोलते, दुसरी खरं बोलते पण दिसत नाही... आणि तिसरीत? तिसरीत फुली कुठली, नाताळचं झाड उभं होतं! फांद्यांसकट, आकड्यांसकट! म्हटलं, हे वाचायचं कधी? डुक्कर थांबणार आहे का वाचून होईपर्यंत?

बरं, प्रत्येकीच्या मधोमध एक लाल ठिपका, बटण दाबलं की पेटणारा. मी डोळा लावला... ठिपका फुटलेला! चिरडलेल्या टोमॅटोसारखा, एक शेपटी वर, एक डावीकडे. "रॉइस, माल खराब आहे." "काका, गोल आहे." "फुटका आहे!" "गोल आहे काका, अगदी गोल!" पहिली नेली, परत दिली. दुसरी नेली, परत दिली. तिसरी, ती झाडाची, ती घेऊन घरी आलो, बायकोला म्हटलं, "वर्ना, बघ गं." वर्नाने बघितलं. "गोल आहे." शेजारचा डेल्फीनो गार्सा कुंपणाशी आला होता, त्याला दिली. "गोल आहे रे ऑल्टन, माझ्या आजीच्या तव्यासारखा." आता मला सांगा, एवढी माणसं एका ठिपक्यासाठी खोटं कशाला बोलतील? पण मला वाटलं, बोलताहेत! रॉइसने फितवलंय सगळ्यांना!

मग ती संध्याकाळ. दिवस मावळत आलेला, मी बॉनेटवर कोपर टेकून बसलोय, आणि वेलांत काहीतरी काळं हललं. धिप्पाड! खाली मान घालून मचमच खातंय. म्हटलं, आलास बेट्या! खटका काढला, चापावर बोट ठेवलं, ठिपका पेटवला... तर तो लाल चिखल अख्ख्या जनावरावर पसरला. पट वाढवली, तर झाड वाढलं! फांद्यांमागे डुक्कर कुठाय? पट कमी केली, तर झाडही गेलं, डुक्करही गेलं! पुन्हा वाढवली... कुठल्या रेघेवर धरू? चारवर? सहावर? घाम फुटला हो मला. मला डुक्कर मारायचंय, आणि मी आकडे वाचतोय!

आणि डुकराने मान वर केली आणि ते हंबरलं.

डेल्फीनोचं वासरू. काळं. आणि त्याच्या मागून, त्याच लाल चिखलातून, डेल्फीनो उभा राहिला, हातात दोरी. "ऑल्टन! अरे बंदूक कुणावर धरलीयस? वासरावर की माझ्यावर?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही रे."

खरंच माहीत नव्हतं. पिकपच्या चाकाला टेकून खालीच बसलो. डेल्फीनो आला, बंदुकीतल्या गोळ्या काढून स्वतःच्या खिशात टाकल्या आणि माझ्या शेजारी मातीत बसला. वासरू खात होतं कलिंगड. खाऊ दिलं.

सकाळी वर्नाने मला गाडीत घातलं ते थेट डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. अंधारी खोली, डोळ्यांपुढे लोखंडी मुखवटा, आणि बाई विचारतात, "ही काच बरी, की ही? आता ही, की आधीची?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही रॉइसच्या कोण लागता?" हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या बुबुळाची गोलाई वाकडी आहे. दिव्याचा ठिपका फाकूनच दिसणार. दुर्बिणीचा काही दोष नाही." कोपऱ्यातून वर्ना, "मी म्हटलंच होतं गोल आहे!" आता कुठं तोंड लपवायचं? मुखवट्यातच होतं म्हणून वाचलो.

चष्मा यायला वेळ लागला. आला तसा पडवीत उभा राहिलो, दुर्बीण लावली, बटण दाबलं... गोल! वाटाण्यासारखा! झाडाची फांदी न् फांदी वाचता आली. "वर्ना! अगं गोल आहे!" ओरडलोच. मग दुर्बीण शेतावरून फिरवली, पार नदीपर्यंत... साली. नुसत्या साली. डुकरं केव्हाच पलीकडच्या भुईमुगाला लागलेली.

वर्ना बाहेर आली. शेताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "दिसतोय ना गोल?"

"दिसतोय."

"मग बघ." आणि आतून खुर्ची आणून ठेवली.

बसतो आता रोज संध्याकाळी... काय करणार? चांगली खुर्ची आहे.