जेलीतला रावस

दोन हजार तेवीसचा हिवाळा. रेवदंड्याच्या एका हॉटेलवाल्याने बंदरावर सगळ्यांदेखत मला सुनावलं, "नाखवा, रावस म्हणून दुसराच मासा दिलात. कॉलेजच्या लॅबमध्ये तपासून आणलाय."

चाळीस वर्षांच्या मासळीच्या धंद्यात मला असं कोणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "चल, दाखव. खोटा ठरलास तर याच बंदरावर माफी मागायची."

लॅबमधल्या मॅडमनी फोटो दाखवला. माशाच्या मांसातली प्रथिनं विजेने जेलीतून ओढतात, मग प्रत्येक जातीच्या निळ्या रेषा वेगळ्या दिसतात. मी विकलेल्या माशाच्या तुकडीच्या रेषा त्यांनी तुलनेसाठी घेतलेल्या रावसाशी जुळत नव्हत्या.

"तुमचा हा रावस आणला कोणी?"

मॅडमनी हॉटेलवाल्याकडे बोट दाखवलं. "यांनीच आणून दिला. डोकं अजून फ्रीजमध्ये आहे."

डोकं बाहेर आलं. मी म्हणालो, "मॅडम, गळ्याखालच्या मिशा मोजा."

"पाच."

"रावसाला चार असतात. हा दाढा हाय, रावसासारखाच दिसणारा दुसरा मासा. तुमची जेली खरं बोलली. यानं तिला रावस दाखवलाच न्हाय."

मॅडम हसत सुटल्या. मी सोबत नेलेला अख्खा रावस त्यांनी तपासला. त्याच्या रेषा माझ्या तुकडीशी तंतोतंत जुळल्या.

दुसऱ्या दिवशी भर लिलावात हॉटेलवाला आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाखवा, चुकलो."