फटीतला हात

माणिकपूरला दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई आणि सहा-सात वर्षांची मुलगी नंबर लावून बसल्या होत्या. बाई गोष्ट सांगत होती.

"मग लांडग्याने पायांना पीठ फासलं, आवाज गोड केला आणि म्हणाला, ‘पिल्लांनो, दार उघडा, मी तुमची आई आलेय.’"

"आणि त्यांनी उघडलं?"

"उघडलं. बकरीसारखे पांढरे पाय दिसले ना त्यांना."

"वेडीच होती! नुसते पाय काय बघायचे? मी तर वास घेते."

"कसला गं?"

"आई रोज वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडते ना, तो वास हाताला असतो. साबणाने धुतला तरी जात नाही. त्या दिवशी तू ‘आई आलेय’ म्हणत दार वाजवलंस, तेव्हा साखळी लावूनच मी तुझा हात हुंगला होता."

"मग?"

"मोगरा नव्हताच. बावखलातल्या साचलेल्या पाण्याचा, शेवाळाचा वास होता."

"तरी उघडलंस?"

"तू रडत होतीस. उन्हात पाय भाजतायत म्हणालीस."

"गुणाची गं माझी जागू. बाबांना सांगितलंस?"

"नाही. मग पिल्लांची आई आली ना परत?"

"आली की."

"आपल्याकडेही रोज दुपारी कुणीतरी दार वाजवतं. फटीतून मोगऱ्याचा वास येतो. एकदा उघडू?"

"अजिबात नाही. तो लांडगा असतो, बाळा."