आबांचा उलटा वेढा

पीएचडीला तुझा गाईड कोण, असं विचारलं की मी आधी आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, नाव घेतो. हसू नका.

केसासारख्या बारीक काचेच्या तारेचं वेटोळं, त्यात मला प्रकाश फिरवत ठेवायचा होता. त्याचं कंपन ज्या दिशेत निघालं त्याच दिशेत फेरी मारून परत आलं, तरच प्रकाश साठतो. माझं दर वेळी तिरकं होऊनच यायचं. वैतागून वेटोळं घेऊन काशीदला घरी गेलो. आबांचा जन्म होडीवर दोर गुंडाळण्यात गेलेला. त्यांनी तार चिमटीत फिरवून बघितली.

“पीळ पडलाय रं. एक वेढा सुलटा घाल, एक उलटा.”

मी खेकसलो, “आबा, हा तुमचा नांगराचा दोर न्हाय!”

“बरं,” म्हणाले आणि वेटोळं अलगद खाली ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. त्यांचं तेरावं उरकून लॅबमध्ये परतलो, तेव्हा गुपचूप त्यांनी सांगितलं तसंच वेटोळं गुंडाळलं. प्रकाश सरळ परत आला. आनंदाच्या भरात घरी फोन लावला.

“आई, आबांना सांग, पीळच होता!”

आई म्हणाली, “सांगते हां.”