चीनची कमान

साधना बेल्ह्याहून आणे गावच्या शाळेत शिकवायला रोज याच नगरच्या एसटीनं जायची. आज पलीकडच्या सीटवर एक म्हातारी होती. तिच्या एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात फूल पडलेलं; तिला दिसत काहीच नव्हतं. शेजारी तिचा नवरा फोनात डोकं घालून बसला होता.

"अवं, दगडी पूल आला का?"

"न्हाई अजून. हे आपल्या मोहितनं काय धाडलंय बघ, चीनमधी डोंगराला आरपार भोक हाय. वर दगडाची कमान! लोक इमानात बसून बघाया जात्यात."

"आपला पूल तरी कुणी बांधलाय? तोबी तसाच, आपसूक झालेला. आला का? चपला काढायच्यात."

"मग आत्ताच काढून ठेव की."

"खाली कुणीतरी ओकलंय, पुलापुरत्याच काढीन. पुलाखाली मळगंगामाय बसलीय, तिच्या डोक्यावरनं मी कधी चपला घालून गेले न्हाई. आन् आज तर डॉक्टर पट्टी सोडणार. आला का?"

"थांब गं. त्या कमानीखालनं होड्या जात्यात, होड्या!"

"अवं, आला का?"

"आयला... पूल मागं गेला, घाट सरला की गं."

साधनानं मागं वळून पाहिलं. मागं नुसता डांबरी रस्ता होता. रोज त्याच्यावरून जाऊनही दोन वर्षांत तिला पूल असा कधी दिसलाच नव्हता.

"येताना सांगतो. शप्पथ."

"येताना माझं मला दिसंल. तुमी चीनचा बघा."