मावशींची जागा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे प्राध्यापक मित्र, मागच्या रांगेत दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या तत्त्वज्ञान विभागाच्या शिपाई, मावशी,

मावशी आज निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी कोणी येणार नाही, कारण ती जागाच आजपासून रद्द झाली आहे. यावर हळहळ व्यक्त करायचं काम विभागप्रमुख म्हणून माझ्याकडे आलंय. हळहळ मला उत्तम जमते. गेली बावीस वर्षं मी 'काळजीचं नीतिशास्त्र' हा पेपर शिकवतो.

आता एक प्रसंग सांगतो. प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं तरी सांगतो.

आमच्याकडे गैरहजर विद्यार्थ्याला नोटीस जाते. वसतिगृहातल्या खोलीच्या दाराखालून ती आत सरकवायची आणि वहीत 'पोचवली' असं लिहायचं. दार वाजवावं असं नियमात कुठेही नाही. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आठ दिवस दिसली नाही. ती कुठे आहे, असं आम्हा चौघा प्राध्यापकांपैकी एकाने तरी विचारावं? छे! मी नोटिशीवर सही केली. विषय कोणता? काळजीचं नीतिशास्त्र. आम्ही शहाणे लोक!

मावशी नोटीस घेऊन गेल्या आणि दार वाजवत राहिल्या. शेजारच्या मुली वैतागून बाहेर आल्या, तरी वाजवत राहिल्या.

त्याच वेळी मी चर्चासत्रात 'काळजीवाहू समाजाच्या दिशेने' हा निबंध वाचत होतो. मावशी थेट सभागृहात आल्या.

"सर, गाडी काढा."

मी म्हणालो, "मावशी, प्रश्न शेवटी घेऊ."

"प्रश्न नाहीये सर. पोरगी तापाने फणफणलीय, चार दिवस पोटात अन्न नाही. गाडी काढा."

"दोनच पानं राहिलीत हो."

"ती ऐकून तिचा ताप उतरणार असेल तर वाचा."

पाहुणे हसले. मी गाडी काढली, पण खरं सांगतो, दवाखान्यापर्यंत मला त्या दोन पानांचंच वाईट वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं. तेव्हा कुठे ती दोन पानं माझ्या डोक्यातून गेली.

मुलगी बरी झाली, परीक्षेला बसली. 'काळजी म्हणजे काय?' या प्रश्नाला तिने एकच ओळ लिहिली होती: 'दार उघडेपर्यंत वाजवत राहणं.' मी दहापैकी दोन गुण दिले. एकाही विचारवंताचा आधार नव्हता ना!

आता नोटिसा मोबाइलवर जाणार, म्हणून शिपायाची गरज नाही, असा अहवाल तीन जणांच्या समितीने दिला. त्या समितीचा अध्यक्ष मीच. मावशी, तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल. चार महिने तुमच्या हातचा चहा घेताना मलाही सांगवलं नाही. मला लाज वाटते.

प्राचार्य महोदय, त्या अहवालावरची माझी सही मी या सभेसमोर मागे घेतो. जागा भरा. फार उशीर झालाय म्हणाल, तर मी रोज तुमच्याकडे येऊन तेच मागेन.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मावशी, सही मात्र पोटात घालू नका. ती नजरचुकीने झाली नव्हती, अहवाल दोनदा वाचून केली होती.